दिगूचा सोमवार

दिगू, तू जाऊन सतरा दिवस झाले आणि तू नेमका कोणत्या वारी गेलास यावर आपल्या घरात अजून एकमत नाही. हे ऐकून तू आधी हसला असतास आणि मग कागद-पेन्सिल शोधायला उठला असतास.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर कुणीतरी लिहायला हवं, असं तुझी बायको, मालती, म्हणाली. मी म्हटलं, तो शिकवायचा त्या कॉलेजातल्या लोकांना सांग. ती म्हणाली, ते इंग्रजीत लिहितील, आणि त्यांना डिग माहीत आहे, दिगू माहीत नाही. हे खरं आहे. इथे तुला सगळे डिग म्हणायचे. पंचवीस वर्षं तू त्या अर्ध्या नावावर काढलीस आणि तुला त्यात काही कमी वाटलं नाही. मला मात्र ते दर वेळी खटकायचं. पण मी, तुझा थोरला भाऊ, चौथी शिकलेला माणूस. तुझ्याबद्दल मी काय लिहिणार? तुझ्याशी बोलता येईल, तेवढं बोलतो. ऱ्हस्व-दीर्घ मालती बघून घेईल.

थकलो आहे मी. दु:ख झालंय असं लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे थकलोय. सकाळी उठून तुझ्या स्वयंपाकघरात येतो, तुझी खुर्ची रिकामी असते, आणि वाद घालायला कुणी नाही म्हणून चहाही नुसता गिळतो. परदेशातल्या तुझ्या या चँडलर गावात बाहेर ऊन पेटलेलं असतं. तू होतास तोवर त्या उन्हावरसुद्धा आपलं भांडण व्हायचं. इथलं ऊन जास्त की सोलापूरचं? तू थर्मामीटर दाखवायचास आणि मी माझं डोकं.

आपलं खरं भांडण मात्र एकच होतं. मी इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात ते सुरू झालं. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी इथल्या वेळेला लावून घेईना. तू म्हणालास, अण्णा, साडेबारा तासांचा फरक आहे, दिवसाची रात्र होते. मी म्हटलं, होऊ दे. जेवायला बोलवाल तेव्हा जेवेन, झोपा म्हणाल तेव्हा झोपेन, पण माझं घड्याळ खऱ्या वेळेवर चालेल. तू विचारलंस, खरी वेळ म्हणजे कुठली? मी म्हटलं, गिरणीची.

मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. एकतीस वर्षं मी गिरणीच्या बॉयलरवर होतो आणि त्यातली बावीस वर्षं भोंगा माझ्या हातात होता. मी दांडा ओढला की निम्मं सोलापूर उठायचं. बायका चूल पेटवायच्या, मास्तर शाळेला निघायचे, दुकानदार आपली घड्याळं माझ्या भोंग्यावर लावायचे. कुणाचं घड्याळ पाच मिनिटं मागे असलं तर ते घड्याळ चुकीचं असायचं. भोंगा चुकलाय, असं कुणी म्हटलं नाही. अशा माणसाला तू सांगायला बसलास की वेळ ज्याची त्याची वेगळी असते.

मला आधी वाटलं, तू इथल्या आणि तिथल्या घड्याळांबद्दलच बोलतोस. इथे संध्याकाळ तेव्हा तिथे सकाळ, एवढंच ना? त्यात काय कळायचं? तू कपाळाला हात लावलास. म्हणालास, तो नुसता सरकारच्या सोयीचा प्रकार आहे, एकाच क्षणाला दोन गावांनी दोन नावं ठेवली आहेत. शास्त्रातली गोष्ट वेगळी आहे. मग तू माझ्याच भोंग्यावर आलास, कारण तुला माहीत होतं की मी दुसऱ्या कशाने ऐकणार नाही. तू विचारलंस, अण्णा, तू भोंगा ओढलास की गिरणीच्या दारातल्या पहारेकऱ्याला लगेच ऐकू येतो, पण कंबर तलावापलीकडच्या माणसाला चार-पाच सेकंदांनी ऐकू येतो. मग भोंगा खरा कधी झाला?

मी म्हटलं, मी ओढला तेव्हा.

तू म्हणालास, शाबास. आवाजाला जायला लागलेला वेळ वजा केला की सगळे तुझ्याच क्षणापाशी येतात. जुने शास्त्रज्ञ अगदी हेच मानायचे. सगळ्या विश्वाला एकच भोंगा, तारे असोत की सोलापूर, सगळीकडे तीच एक वेळ, कुणी बघो न बघो. त्याला निरपेक्ष काळ म्हणायचं.

ते शास्त्रज्ञ मला फार आवडले. मी म्हटलं, शहाणी माणसं होती, तू उगाच पुढे शिकलास. तू हसलास आणि म्हणालास, पुढे असं कळलं की तो भोंगा ओढणारा कुणी नाहीच. प्रत्येकाजवळ त्याचं त्याचं घड्याळ आहे. एक थांबलेला आणि एक वेगाने जाणारा, अशा दोघांची घड्याळं नंतर जुळत नाहीत, आणि चूक कुणाचीच नसते. मी म्हटलं, उशिरा येणारे कामगार मला फाटकात हेच सांगायचे.

दिगू, मी मुद्दाम अडवत होतो असं तुला वाटलं असेल. थोडं मुद्दाम होतं, थोडं खरंच कळत नव्हतं. पण मला ते तसं आवडायचं. तू लहान असताना गणितं घेऊन माझ्याकडे यायचास आणि मला येत नसायची, म्हणून मी तुला पिटाळायचो. आता म्हातारपणी तू रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून धीराने समजावत होतास. तेव्हाची वसुली करत होतास की काय, देव जाणे. पण एकदाही चिडला नाहीस.

हायवेच्या कडेला गाडी थांबवलीस तो दिवस आठवतो? मंडळाच्या कार्यक्रमाहून आपण दोघंच परत येत होतो. मी म्हटलं होतं, दोन गोष्टी एकदम घडल्या तर एकदमच घडल्या, त्यात दोन मतं कशी असतील? तू गाडी बाजूला घेतलीस, बटण दाबलंस आणि चारही दिवे उघडझाप करायला लागले. म्हणालास, आता असं समज की आपली गाडी धावतेय आणि दिवे असेच लागतायत. आत बसलेल्या आपल्याला पुढचे आणि मागचे दिवे एकदम लागलेले वाटतील. रस्त्यावर उभा असलेला माणूस मोजून सांगेल की मागचे आधी लागले, पुढचे नंतर. प्रकाशाला यायला लागलेला वेळ त्याने काटेकोर वजा केला तरी तो तेच सांगेल.

मी म्हटलं, मग त्याचं चुकतंय.

नाही, तू म्हणालास. त्याचं त्याला बरोबर, आपलं आपल्याला. फरक इतका बारीक आहे की ह्या वेगाला जगातलं कुठलंही घड्याळ तो पकडू शकणार नाही, पण फरक आहे. आणि सापेक्ष म्हणजे मनाला येईल ते नव्हे बरं का, अण्णा. कुणाला किती फरक दिसणार ते आधी कागदावर मांडून दाखवता येतं.

तेवढ्यात मागे पोलिसाची गाडी येऊन थांबली. खिडकीशी येऊन त्याने काय विचारलं ते तू नंतर सांगितलंस. तुमच्या वडिलांना बरं वाटत नाही का, असं विचारलं होतं. तू म्हणालास, वडील नाहीत, भाऊ आहे. तब्येत बरी आहे, फक्त पटत नाहीये. पोलीस खो खो हसला आणि म्हणाला, माझ्या घरीही एक असाच आहे. मी तेव्हा रागावलो होतो, वडील म्हटलं म्हणून. सहाच वर्षांनी मोठा मी. घरी येईपर्यंत बोललो नाही.

एकदा तू सांगितलंस की जो माणूस फार वेगाने फार लांब जाऊन परत येतो, तो घरी राहिलेल्या भावापेक्षा कमी म्हातारा झालेला असतो. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मी विचारलं, आणि परत आलाच नाही तर?  तू म्हणालास, मग तुलनाच करता येत नाही. दोघं पुन्हा समोरासमोर आले तरच करता येते. एवढं बोलून तू बाहेर झाडांना पाणी घालायला गेलास. मी तिथेच बसून राहिलो. तुला परत ये असं मी एकाही पत्रात लिहिलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. मी मानाने बोलावण्याची तू वाट बघत होतास आणि तू आपणहून येण्याची मी. शेवटी मीच आलो.

आता त्या दिवसाचं बोलतो. ते टाळत होतो.

मी आल्यानंतर आईचं पहिलं श्राद्ध आलं ते दुसऱ्या वर्षी. मी तयारीत होतो अष्टमीच्या. आदल्या दिवशी सकाळी पाहतो तर मालती सोवळ्यात, खीर झालेली, वडे तळून ठेवलेले, आणि तू रजा काढून पाटावर बसलेला. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, आईचं श्राद्ध. मी म्हटलं, आज सप्तमी आहे. तू म्हणालास, हो, मी सप्तमीलाच करतो.

आई सोलापूरला मंगळवारी पहाटे साडेपाचला गेली. तेव्हा अष्टमी लागलेली होती. मी तिथे होतो, तिच्या तोंडात पाणी मी घातलं. तुझ्याकडे तेव्हा सोमवारचे संध्याकाळचे पाच वाजत होते, आणि तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारच्या चौकोनात सप्तमी छापलेली होती. इकडचे पुष्कळ लोक ही चूक करतात, देशातून आलेलं कॅलेंडर इथल्या वारावर वाचतात. मला वाटलं, तुझंही तेच झालं. इतका शिकलेला माणूस, विश्वाची घड्याळं मोजतो आणि आईची तिथी चुकतो. मी तसं बोललोही, मालतीसमोर.

तू शांतपणे म्हणालास, पंचांगाच्या दृष्टीने तुझंच बरोबर आहे, अण्णा. तिथी बदलण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीला एकच असतो. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

मग?

तेव्हा तू जे सांगितलंस ते तुझ्याच शब्दांत लिहितो. ते मला पाठ झालंय. "तार आली मंगळवारी. मी मागे मोजत गेलो. आई गेली त्या वेळी मी डिपार्टमेंटमध्ये होतो, कुणाचा तरी वाढदिवस होता, मी केक खात होतो आणि हसत होतो. तो सोमवार होता, अण्णा. त्याला मंगळवार म्हटलं की मी तिथे, त्या केकपाशी, नव्हतोच असं होतं. मला ते नकोय."

दिगू, स्वत:बद्दल तुला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जो आईजवळ होता त्याचा वार खरा. तू नव्हतास, तुला कसला वार?"

तू श्राद्ध पुरं केलंस. दुसऱ्या दिवशी मी माझं अष्टमीचं केलं, आणि मालतीने बिचारीने पुन्हा सगळा स्वयंपाक केला. त्यानंतर दर वर्षी या घरात आईची दोन श्राद्धं झाली, एकापाठोपाठ एक, आणि आपण दोघं त्यावर एक शब्दही बोललो नाही. विश्वाबद्दल बोलत राहिलो. मी जिंकलो असं मला वाटत होतं. तू स्वत:च कबूल केलं होतंस ना, पंचांग माझ्या बाजूने होतं.

तू गेलास तेव्हा मी तुझ्याजवळ होतो. हॉस्पिटलच्या खिडकीतून दिवस मावळताना दिसत होता, डोंगरांवर तो तुझ्या आवडीचा जांभळा रंग चढत होता. मालती डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली होती. तुझा हात माझ्या हातात होता आणि तो हात कधी नुसता हात झाला ते मला लगेच कळलं. मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. आठला दहा कमी. सोलापूरची सकाळ, मंगळवार. भिंतीवर सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मी दोन्हींकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं घड्याळ मला खोटं वाटलं. कसली सकाळ? बाहेर अंधार पडत होता, माझा भाऊ गेला होता, आणि सोमवार होता.

मालतीने हाक मारून खोलीतले दिवे लावले तेव्हा मी भानावर आलो.

दिवसकार्याला आलेले गुरुजी एरवी इंजिनियर आहेत, शनिवार-रविवारी पूजा सांगतात. त्यांनी तिथी विचारली. मी म्हटलं, सोमवार धरा. ते म्हणाले, काका, पंचांग भारताच्या वेळेत छापतात, साडेबारा तास मिळवायला हवेत, म्हणजे मंगळवारची तिथी येते. मी त्यांच्यावर भडकलो. मी म्हटलं, तुम्ही तिथे होतात का? मी होतो. सोमवार होता. मालतीने माझ्याकडे फक्त पाहिलं.  पुढे तेराव्यापर्यंत मी कुणाशी धड बोललो नाही.

तू इथे मला अडवशील, मला माहीत आहे. अण्णा, पुन्हा घोळ घातलास, हे सगळं पंचांगाचं आणि वेळेच्या पट्ट्यांचं आहे, याचा सापेक्ष काळाशी संबंध नाही. नसेल. तुझा सापेक्ष काळ मला अजून पुरता कळलेला नाही आणि आता समजावणारा नाही. मला एवढंच कळलं की माणूस जिथे असतो तिथला क्षण त्याच्या अंगाला चिकटतो आणि साडेबारा तास मिळवून तो निघत नाही. याला शास्त्रात काय म्हणतात ते तुलाच ठाऊक.

परवा मालती म्हणाली, अण्णा, वसंताचा फोन आहे, लवकर या, लाइन कट होते. माझा वसंता, तुझा पुतण्या. शेजारच्या वकिलांच्या घरी तासभर बसून त्याला कॉल लागला होता. तुझा फोटो फ्रेम करायला टाकलाय म्हणाला, आपल्या आईच्या फोटोशेजारी लावायचा. खाली रंगाने वार आणि तिथी लिहून घ्यायचीय, फ्रेमवाला विचारतोय.

मी म्हटलं, सोमवार.

तो म्हणाला, "अण्णा, आमच्याकडे मंगळवार होता."

मी म्हटलं, मी इथे त्याचा हात धरून बसलो होतो, मला शिकवू नकोस.

लाइनवर खरखर चालू होती. मला वाटलं, कट झाला. मग त्याचा आवाज आला, बसलेला. म्हणाला, "तार आल्यावर मी वेळ जुळवून बघितली. काका गेले तेव्हा मी आळीत पेढे वाटत होतो. स्कूटर मिळाली ना, सहा वर्षं नंबर लावला होता. काकांनाच पहिलं पत्र लिहिणार होतो. मंगळवार होता, अण्णा. मला दुसरा वार कसा आठवेल?"

दिगू, मी फोन हातात धरून उभा राहिलो. मालती लांबून हातवारे करत होती, बोला, मिनिटं जातायत.  समोर वसंता नव्हताच. समोर तू होतास, पाटावर, उपरणं सावरत, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होतास.

मी म्हटलं, "तू मंगळवारच लिही, बाळा."

तो म्हणाला, "आणि तुमचा सोमवार?"

मी म्हटलं, "तो मी इथे सांभाळतो. दोघांचंही बरोबर आहे. आणि स्कूटर जपून चालव."

एवढंच होतं ते. तीन शब्दांचं काम होतं, तुझंही बरोबर आहे. पोराला सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. तुला सांगायला तीन वर्षं होती, रोज संध्याकाळी तू समोरच बसलेला असायचास, आणि मी गाडीच्या दिव्यांवर भांडत राहिलो.

पुढच्या महिन्यात आईचं श्राद्ध आहे. मालतीला मी सांगितलंय, सप्तमीला एकदाच स्वयंपाक कर. सोमवारचं म्हणून मी ते करीन, तुझ्या जागी बसून. तुझ्या त्या केकची आठवण काढूनच बसेन, कारण तू तिथे होतास, चँडलरमध्ये, ती गेली तेव्हा. तुझा वार तुझा होता.

माझं चुकलं, दिगू. उशिरा म्हणतोय. कुणाच्याही घड्याळात बघितलं तरी हा उशीरच आहे.